सात दरबारांचं पाणी

त्या संध्याकाळी मोहबोडी गावाचे सगळे हात पिवळे होते.

तलावाच्या पाळीवर, मोहाच्या झाडाखाली, गाव रांगेत उभं होतं. पुढे पितळेची परात, परातीमागे घोंगडीवर सप्तधाम महाराज आणि बाजूला त्यांचा चेला. रांगेतला माणूस पुढे यायचा, दोन्ही हात परातीतल्या पाण्यात बुडवायचा आणि बाहेर काढायचा. हात पिवळे निघाले की चेला "साफ" म्हणायचा आणि मागची सगळी रांग श्वास सोडायची. लग्न लागल्यावर सोडतात तसा नव्हे; वाघ दुसऱ्याच्या गोठ्यात शिरल्याचं कळल्यावर सोडतात तसा. सुटलेली माणसं घरी जात नव्हती. ओले पिवळे तळवे पुढ्यात धरून ती कडेनं उभी राहत होती. कोणाचे तरी हात पिवळे निघणार नाहीत हे सगळ्यांना सांगून ठेवलेलं होतं, आणि ते बघितल्याशिवाय घरी जाण्याइतकं शहाणं गावात त्या दिवशी कोणी नव्हतं.

अशा वेळी भागीरथाबाई फाट्यावरून चालत गावात आली. खांद्याला पिशवी, पिशवीत चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरून आणलेलं पिंपळाचं पान, आणि गालात तंबाखू. ही तंबाखू तिनं एसटीत घोटली तेव्हा शेजारी बसलेल्या अंजनाबाई नर्सनं फाटा येईपर्यंत तोंडाच्या रोगांवर भाषण दिलं होतं. अंजनाबाई मोहबोडीच्याच बौद्धवाड्यातली लेक, नेमणूक फाट्यावरच्या उपकेंद्रात. दोघी जोडीनं दीक्षाभूमीच्या मेळ्याला जाऊन आल्या होत्या. उतरल्यावर अंजनाबाई म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी गोळ्या आणि रक्ताच्या काचपट्ट्या घेऊन येतेच. गावातल्या लच्छू ढिवराच्या आजारी पोरीचं रक्त तपासणीसाठी घ्यायचं राहिलं होतं. मागच्या वेळी त्यानं दारच उघडलं नव्हतं.

पाळ चढताना भागीरथाबाईला काही गोष्टी खटकल्या. तिच्या राम रामला कोणी ओ दिली नाही. पोलीस पाटील वामनराव, ज्यांचा जबडा झोपेतही चालतो म्हणून ख्याती होती, त्यांचा जबडा आज बंद होता. आणि मोहाच्या बुंध्याशी जाळ्यांचे दगड रचून ठेवले होते. मोहबोडी ढिवरांचं गाव. जाळं तळाला बसावं म्हणून त्याला हे भोक पाडलेले दगड बांधतात. पण आज मासळी धरायचा दिवस नव्हता आणि पाळीवर जाळं एकही दिसत नव्हतं. नुसते दगड होते.

आता भागीरथाबाईबद्दल थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढे जे झालं ते तिच्या एका सवयीमुळे झालं. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. बाजाराला मासळी विकायची आणि उरलेल्या आयुष्यात यात्रा करायच्या, असा तिचा नेम. यात्रा कोणाची, हे ती विचारत नसे. चैत्रात चंद्रपूरची महाकाली, शिवरात्रीला मार्कंडा, नागपूरला ताजबागचा उर्स, भद्रावतीला विंजासनची लेणी आणि जवळचंच जैनांचं देऊळ, बल्लारपूरला एका गिऱ्हाइकाच्या ओळखीनं चर्चमधला नाताळ, एकदा पार नांदेडचा गुरुद्वारा, आणि जंगलात गोंडांच्या पेनाची, म्हणजे त्यांच्या देवाची, जत्रा. गुरुद्वारातलं जेवण तिला सगळ्यांत पसंत. चर्चमध्ये बसायला बाक असतो, हे तिच्या गुडघ्यांना पसंत. जैनांच्या देवळात कोणी धंदा विचारला तर ती "बाजारात बसते" एवढंच सांगायची.

निघायच्या आधी ती गावभर फिरून विचारायची, "जाऊन राह्यली बाप्पा, कोणाचा काही निरोप?" ज्यांना जाणं जमत नाही ते निरोप द्यायचे. म्हशीचा, पोरीच्या लग्नाचा, सुनेच्या तोंडाचा. भागीरथाबाई त्या त्या देवापुढे उभी राहून तो जसाच्या तसा सांगायची, आणि येताना कोणाला अंगारा, कोणाला दोरा, कोणाला गुलाबाची पाकळी पोचवायची. बौद्धवाड्यातले तिला समजावायचे, आमच्याकडे नवस नसतो बाई. "बरं, मंग नुसता जयभीम सांगते," असं म्हणून ती निघायची.

चौऱ्याऐंशीचा पावसाळा संपला आणि गावात ताप आला. थंडी वाजून यायचा, दिवसाआड यायचा. लच्छू ढिवराचा थोरला मुलगा त्यात गेला. पाठोपाठ आणखी दोन घरांत रडणं झालं, आणि लच्छूची धाकटी रुखमा अंथरुणाला लागली. अंजनाबाई गोळ्या घेऊन दारोदार फिरत होती, पण गोळ्या कडू होत्या. तेवढ्यात महाराज आले आणि ते गोड होते.

महाराजांचं म्हणणं असं की एक देव रुसला तर माणूस दुसऱ्याकडे जातो, पण सातही रुसले तर जाईल कुठे? म्हणून त्यांनी जन्मभर देऊळ, दर्गा, विहार, चर्च, गुरुद्वारा, जैनांचं मंदिर आणि पेन अशा सातही दरबारांत तपश्चर्या केली होती आणि तिथल्या पाण्यावर सही-शिक्का करून आणला होता. कमंडलूला सात रंगांचे सात दोरे होते. सही-शिक्का कोणाला दिसला नाही. पाण्यावरच केलेला असल्यामुळे वाहून गेला असावा.

हे ऐकून सगळ्यांत जास्त आनंद भागीरथाबाईला झाला होता. गावात पहिल्यांदाच कोणीतरी तिच्यासारखं हिंडलेलं भेटत होतं. ती पहिल्या बैठकीला अगदी पुढे जाऊन बसली आणि गप्पांना सुरुवात म्हणून तिनं विचारलं, "मार्कंड्याले आंघोळ केली असन ना जी तुमी? नदी कोणीकडे जाते तिथं?"

महाराज म्हणाले, नदी सागराकडे जाते बेटी, जीव शिवाकडे जातो. लोकांनी माना डोलावल्या.

"तसं नाई जी. कोण्या दिशेनं जाते?"

महाराजांनी थोडं थांबून पूर्व दिशा सांगितली.

"उत्तरेले जाते जी. त्याच्यासाठीच तं लोक जातात तिथं."

बायका पदराआड हसल्या. महाराजही हसले. मात्र ते जरा उशिरा हसले. मग त्यांनी प्रेमानं चौकशी केली की बेटी आता पुढच्या यात्रेला कुठे, कधी, आणि परत कोणत्या गाडीनं. भागीरथाबाईनं सगळं सांगितलं. यात्रेची चौकशी करणारा माणूस तिला नेहमीच भला वाटायचा.

आणि आता ती परत आली होती, सांगितलेल्या गाडीनंच.

रांगेतल्या प्रत्येकाचे हात चेला आधी चिंचेच्या पाण्यानं चोळून धुवून घेत होता, नखांच्या कडासुद्धा. भागीरथाबाईनं पिशवी खाली ठेवली आणि इतरांसारखे आपले हात पुढे केले. महाराजांनी चेल्याला थांबवलं.

"इनके हाथ मत धुलाना. तीर्थाहून आलेले हात आहेत. ते धुवायचे नसतात."

साऱ्या गावासमोर इतका मान तिला आजवर मिळाला नव्हता. ती थोडी लाजलीसुद्धा. लाजतच तिनं परातीत हात घातले आणि वर काढले.

डाव्या तळव्यावर रक्त होतं.

आधी तिला वाटलं, काही तरी लागलं. तिनं पदरानं पुसलं तर ते पसरलं. चेला "साफ" म्हणाला नाही. रांगेनं श्वास सोडला नाही. 

महाराज ओरडले नाहीत, घुमले नाहीत. ते हळहळले, आणि ते फार वाईट होतं. ते म्हणाले, मी कोणाचं नाव घेतलं नाही, पाण्यानं घेतलं. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. देव शोधायचा असेल तर माणूस एका दारी जातो. जी सात दारी जाते ती काही द्यायला जात नाही, काहीतरी आणायला जाते. हिनं दोरे आणले, माती आणली, राख आणली, आणि तुमच्या घरात ठेवली. ज्या घरात ताप आला त्या घरात जाऊन बघा, हिनं आणलेली वस्तू असेल.

आणि ती होतीच. ताप न आलेल्या घरांतही होती, पण तो हिशोब करायची ही वेळ नव्हती.

उपाय महाराजांकडे तयार होता. सात दरबारांचं पाप सात बुडक्यांत फिटतं. दगड बांधून बुडवायचं. निर्मळ असेल तर तलाव सोडून देईल. दगड बांधलेला माणूस तलाव कसा सोडतो, हे ढिवरांच्या गावात कोणी विचारलं नाही. जन्मभर त्यांनी हेच दगड बुडताना पाहिले होते.

दोघांनी तिचे दंड धरले. त्यांत एक लच्छू होता. त्याचे डोळे कित्येक रात्रींच्या जागरणानं लाल होते, पण ती लाली कोणी तपासत नव्हतं.

"काकी," तो हलक्या आवाजात म्हणाला, "माह्या पोराच्या हाताले तूच दोरा बांधला होता."

बांधला होता. ताजबागचा होता. बांधताना पोरगं हसलं होतं.  तोवर ती घाबरली होती. आता तिला शंका आली, आणि शंका स्वतःचीच होती. इतक्या ठिकाणी गेलो, इतक्या ठिकाणची राख पदरात बांधून आणली. एखाद्या ठिकाणाहून सोबत काही आलं असलं तर? कोणाला कळणार? हात तर खोटं बोलत नाहीत. क्षणभर, आणि तो क्षण चांगलाच लांब होता, तिचाही महाराजांवर विश्वास बसला.

लच्छूच्या तोंडाकडे बघवेना म्हणून ती हातांकडे बघत राहिली.

डाव्या तळव्याच्या खळग्यात लाल. बोटं पिवळी. उजवा तळवा सगळा पिवळा, स्वच्छ, लेकीच्या हळदीत असावा तसा. फक्त उजव्या अंगठ्याचं टोक लाल. तिला वाटलं, हे कसलं पाप? एका हाताच्या खळग्यात बसतं आणि दुसऱ्याच्या अंगठ्याला लागतं, मधे कुठेच नाही?

मग तिचा अंगठा आपोआप तळव्यावर फिरला, गेली चाळीस वर्षं फिरत होता तसा. आणि तिला कळलं.

तेवढ्यात पाळीवर अंजनाबाई चढून आली. हातात गोळ्यांची पेटी. दगड, तलावाकडे वळलेली माणसं आणि मधे भागीरथाबाई, एवढं पाहून तिनं विचारलं की हे काय चालू आहे, आणि पुढे घुसली. चेल्यानं तिला अडवलं. ती वामनरावांकडे वळली. तुम्ही पोलीस पाटील ना, मग मागे काय उभे आहात, उद्या ठाण्याला काय सांगाल? वामनराव गावात सरकारचा माणूस होते. म्हणूनच ते आज सगळ्यांच्या मागे उभे होते, आणि परातीपर्यंत त्यांचा नंबर अजून आला नव्हता.

"थांब माय," भागीरथाबाई तिला म्हणाली. मग वामनरावांना म्हणाली, "पाटील, मराले जाणाऱ्याले शेवटचं विचारतात ना जी? मले तंबाखू खायची हाय."

याला नाही म्हणणं कोणाला जमलं नाही. महाराज काहीतरी बोलले, पण लच्छूनं तिचा दंड सोडला होता. तिनं कमरेची डबी काढली, डाव्या तळव्यावर तंबाखू घेतली, उजव्या अंगठ्याच्या टोकानं चुना लावला आणि त्याच अंगठ्यानं घोटायला लागली. वास पाळीवर पसरला. भागीरथाबाई यात्रेला निघाल्यापासून महाराजांच्या हुकमानं गावात कोणी तंबाखू-चुन्याला हात लावला नव्हता. कित्येक जबडे जागच्या जागी हलले.

मोहबोडीत एक रीत आहे. घोटलेली तंबाखू समोरच्यापुढे धरायची असते, आणि धरली की नाही म्हणायचं नसतं. बांधावरून डोकी फोडलेले भाऊसुद्धा तेवढ्यापुरता हात पुढे करतात. भागीरथाबाईनं तळवा वामनरावांपुढे धरला. त्यांचा हात निघालाच होता, तर तिनं तळवा मागे घेतला.

"माह्या हातची आज चालाची नाई तुमाले. ही घ्या डबी. तुमची तुमी घोटा."

वामनरावांनी डबी घेतली. माणसाचं मन धर्मसंकटात असलं तरी अंगठा आपलं काम जाणतो. त्यांनी भरपूर चुना लावून मनापासून घोटली, डोळे मिटून तोंडात टाकली.

"आता परातीत घाला जी हात."

वामनरावांनी डोळे उघडले. महाराज घोंगडीवरून उठले आणि तीर्थ बाटवू नका म्हणाले. इतका वेळ साऱ्या गावाचे हात त्यात बुडत होते तेव्हा ते बाटत नव्हतं.

"घाबरता काऊन? पाणी पाप पाह्यते म्हणतात. तुमचं तं साफ निघन."

गावासमोर हे टाळता येईना. पाटलांनी हात घातले आणि वर काढले. उजवा तळवा लाल. डावा अंगठा लाल. बाकी पिवळं.

 भागीरथाबाईनं आपले हात त्यांच्या हातांशेजारी धरले.

"माहा डावा तळवा, उजवा अंगठा. पाटलांचा उजवा तळवा, डावा अंगठा. पाटील डावखुरे हायेत, साऱ्या गावाले मालूम हाय." ती महाराजांकडे वळली. "पाप पण डावखुरं असते का जी?"

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं.

मग अंजनाबाई बोलली. ती शाळेत शिकवतात तसं बोलली नाही. तिनं बायकांना फक्त विचारलं, पाय मुरगळला तर काय लावता?

"हळद-चुना," एक आवाज आला.

"कालवल्यावर रंग कोणता होते?"

 उत्तर सगळ्यांच्या घरात होतं. प्रत्येक बाईनं तो लाल लेप कधी ना कधी कालवला होता, प्रत्येक पुरुषानं तो घोट्याला लावून घेतला होता. सगळ्यांना माहीत होतं आणि कोणाला आठवलं नव्हतं. भीतीनं माणूस नवीन काही शिकत नाही. जे येत असतं तेही विसरतो.

काय काय झालं ते बायकांना विचारत बाकीचं अंजनाबाईनं तिथंच मोकळं केलं. परातीत सात दरबार नव्हते, हळद होती. चुना लागलेला हात त्यात घातला की लाल होणारच, म्हणून गावाची तंबाखू बंद. नखांत राहिलेला चुना चिंचेची आंबट धार मारते, म्हणून चिंचेचं पाणी. आणि एकाच बाईचे हात धुवायचे नाहीत, कारण ती एसटीत तंबाखू घोटत येणार हे मोहबोडीचं कुत्रंही सांगेल. तिनं चिंचेचं भांडं उचललं आणि भागीरथाबाईच्या लाल तळव्यावर धार धरली. सगळं गाव वाकून बघत होतं. लाल फिकं झालं, आणि पुन्हा पिवळं झालं.

"गेलं पाप," अंजनाबाई म्हणाली. "एका चिंचेत."

चेला एव्हाना दिसत नव्हता. महाराज होते, कारण त्यांच्या मागे तलाव होता. ते श्रद्धेबद्दल काही सांगू लागले आणि सांगता सांगता थांबले. कारण लच्छूनं ढिगातला एक दगड उचलला होता आणि तो त्यांच्याकडे चालत येत होता. त्याच्या मागे आणखी काही पिवळे हात ढिगाकडे गेले. घटकाभरापूर्वी भागीरथाबाईकडे बघत होते तेच डोळे, तसेच, आता महाराजांकडे बघत होते. दगड आणले होते. ते कोणाला तरी बांधायचेच होते.

भागीरथाबाई मधे उभी राहिली. 

"ठेव तो. लच्छू, रुखमा घरी एकटी हाय ना? इथं काय करून राह्यला तू?"

 लच्छूनं दगड खाली टाकला, आणि तो अंजनाबाईच्या पुढे पळत सुटला. त्या संध्याकाळी त्याच्या घराचं दार उघडलं. रुखमाचं रक्त काचपट्टीवर गेलं, कडू गोळ्या पोटात गेल्या. पोर वाचली. थोरल्याच्या वेळीही गोळ्या त्याच पेटीत होत्या, हे लच्छूला कोणी सांगितलं नाही. त्याला ते माहीत होतं.

महाराजांना पाटलांनी समाजमंदिरात कोंडलं आणि दुसऱ्या दिवशी ठाण्यावर नेलं. कमंडलू सोबत होता.

पण ते दुसऱ्या दिवशी. त्या संध्याकाळी पाळीवर गाव तसंच उभं होतं, जावं की थांबावं न कळून. भागीरथाबाई म्हणाली, "आपापला दगड उचला अन् जा घरी."

ढिवराला आपल्या जाळ्याचा दगड ओळखू येतो. भोक कोणी पाडलं, कड कुठे झिजली, दोरी कोणत्या सुताची. महाराजांनी घरटी एक मागितला होता, आणि घरटी एक आला होता. एकेक जण खाली मान घालून आला, आपला दगड शोधून घेऊन गेला. ती बघत राहिली.  अंधार पडता पडता ढीग संपला. एक दगड उरला. त्याला काळ्या सुताची दोरी होती, आणि ती दोरी तिच्या नवऱ्यानं वळलेली होती. घरटी एक म्हणजे तिच्या घरचाही. अंगणातून तो कोणी आणला, हे तिनं कधी विचारलं नाही. ती तो उचलून घेऊन गेली.

शिवरात्र आली तेव्हा ती मार्कंड्याला निघाली. आदल्या दिवशी या वेळी ती गावात फिरली नाही. दारात बसून राहिली. उंबऱ्याशी काळ्या दोरीचा दगड ठेवलेला होता. लोक आले, दगडाकडे बघून थोडे थबकले, आणि मग निरोप सांगू लागले. म्हशीचा, लग्नाचा, सुनेच्या तोंडाचा. एकानं आजारी बापाचा निरोप दिला, तेव्हा तिनं त्याला थांबवलं.

"सांगीन बाप्पा. पण तापाचं असन तं आधी अंजनाबाईले सांग. तिथं निरोप लवकर पोचते."

हळद आणि चुना अजून प्रत्येक घरात आहे. परात घेऊन कोणीही येऊ शकतो. हा गेला, दुसरा वाटेत असेल. तुमच्या गावात आला तर त्याच्या देवाशी भांडू नका, त्याची गरज नाही. हात पुढे करायच्या आधी एवढंच विचारा, की सगळ्यांचे हात धुवून घेतले ना, आणि कोणाचे नाही धुतले. आणि त्यानं घरून काही आणायला सांगितलं असेल, तर ते कशासाठी, हे आणायच्या आधी विचारा.